वितळणारा सोबती : 'द स्नोमॅन' आणि एका हातरेखाटनाच्या गाण्याचा इतिहास

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या गायकवृंदात गाणाऱ्या पीटर ऑटी नावाच्या मुलाने १९८२ साली एक गाणे ध्वनिमुद्रित केले. 'वॉकिंग इन दि एअर' हे त्याचे शीर्षक. ज्या चित्रपटासाठी ते गायले गेले, तो सव्वीस मिनिटांचा ॲनिमेशनपट २६ डिसेंबर १९८२ रोजी ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीवर प्रथम दाखवला गेला. पण त्याच्या श्रेयनामावलीत या मुलाचे नाव नव्हते. तीन वर्षांनी खेळण्यांच्या दुकानांच्या एका जाहिरातीसाठी हेच गाणे पुन्हा करायचे ठरले, तेव्हा ऑटीचा आवाज फुटलेला होता. मग वेल्समधला ॲलेड जोन्स हा मुलगा ते गायला. १९८५ च्या डिसेंबरात त्याची ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली आणि मूळ चित्रपटातला आवाजही जोन्सचाच, असा समज सर्वत्र रुजला. आजही अनेकजण तसेच मानतात.

हा तपशील मला निव्वळ गमतीचा वाटत नाही. किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या मुलाचा तो उंच, पारदर्शक स्वर मुळातच मुदतीचा असतो. चर्चच्या गायकवृंदांना याची शतकानुशतके सवय आहे. एका मुलाचा आवाज फुटतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. सकाळच्या उन्हात वितळणाऱ्या मित्राची गोष्ट अशाच एका मुदतबंद आवाजात गायली गेली, हा योगायोग असेलही. पण कलाकृतीचा अर्थ लावताना असे योगायोग दुर्लक्षून चालत नाही.

चित्रपटाचे नाव 'द स्नोमॅन'. मराठीत त्याला काय म्हणावे हा प्रश्नच आहे. 'हिममानव' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयातला तो केसाळ दंतकथेतला प्राणी येतो. 'बर्फाचा बाहुला' म्हटले तर त्यातले माणूसपण जाते. मी 'बर्फाचा माणूस' असेच म्हणणार आहे. ज्यांच्या बालपणात बर्फ फक्त गोळ्यावाल्याच्या गाडीवर भेटला, त्यांना ही गोष्ट परकी वाटायला हवी होती. ती तशी वाटत नाही, आणि का वाटत नाही याचा शोध घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्टीचा उगम रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ च्या चित्रपुस्तकात आहे. ब्रिग्ज यांचा जन्म १९३४ चा, विम्बल्डनचा. वडील दूधवाले, आई लग्नापूर्वी एका श्रीमंत घरात नोकरीला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा. १९७१ साली आई आणि वडील दोघेही गेले. १९७३ साली पत्नी जीन रक्ताच्या कर्करोगाने गेली. ती आधीपासून स्किझोफ्रेनियानेही आजारी होती. त्यांना मूल नव्हते. मुलांसाठी चित्रे काढणारा हा माणूस चाळिशी गाठेपर्यंत जवळजवळ एकटा उरला होता. चरित्रातून कलाकृतीकडे थेट बोट दाखवण्याच्या समीक्षेविषयी मला फारसा आदर नाही, हे इथे कबूल करायला हवे. तरी ही तीन मरणे बाजूला ठेवून 'द स्नोमॅन' वाचणे मला जमलेले नाही.

या पुस्तकाच्या आधी, १९७७ साली, ब्रिग्ज यांचे 'फंगस द बोगीमन' प्रसिद्ध झाले. चिखल, शेवाळ, घाण आणि शब्दांचे ढीग यांनी भरलेले ते पुस्तक. त्यात दोन वर्षे घालवल्यावर काहीतरी स्वच्छ, ताजे आणि शब्दांवाचूनचे करावेसे वाटले, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणून 'द स्नोमॅन'मध्ये एकही शब्द नाही. शाईची रेघही नाही. सगळी चित्रे रंगीत पेन्सिलींची, लहान लहान चौकटींतून पुढे सरकणारी. एक मुलगा बर्फाचा माणूस तयार करतो. रात्री तो माणूस जिवंत होतो. मुलगा त्याला घर दाखवतो : दिवा, नळ, शेगडी, आईवडिलांचे कपडे, ग्लासात ठेवलेली कवळी. मग बर्फाचा माणूस त्याला आकाशातून फिरवून आणतो. सकाळी अंगणात एक ढिगारा असतो. शेवटच्या चित्रात मुलगा आपल्याकडे पाठ करून उभा आहे. त्याचा चेहरा दिसत नाही.

हे पुस्तक नाताळचे नाही, हे ब्रिग्ज यांनी मुलाखतींतून पुन्हा पुन्हा बजावले. त्यात नाताळ नाहीच. ते मरणाविषयीचे पुस्तक आहे आणि सुखान्त शेवट आपल्याला जमत नाहीत, असे ते सांगत. त्यांच्या दृष्टीने बर्फ वितळणे, आईवडील जाणे आणि फूल सुकणे या एकाच जातीच्या घटना होत्या. नाताळच्या बाजारपेठेने या पुस्तकाला कवटाळले, ही त्यांच्या आयुष्यातली एक मोठी विसंगती.

चित्रपट करायचे ठरवले ते निर्माते जॉन कोट्स यांनी. त्यांची टीव्हीसी ही लंडनमधली संस्था जॉर्ज डनिंग यांनी १९५७ साली काढलेली. बीटल्सचा 'यलो सबमरीन' (१९६८) तिथेच तयार झाला. १९७९ साली डनिंग वारले. त्यानंतर संस्था चालली ती मुख्यतः जाहिरातपटांवर. दिग्दर्शन डायॅन जॅक्सन यांच्याकडे आले. 'यलो सबमरीन'च्या कामात त्याही होत्या. चॅनेल फोर ही वाहिनी तेव्हा अजून सुरू व्हायची होती. तिचे पहिले प्रक्षेपण २ नोव्हेंबर १९८२ चे. कच्ची रेखाटने क्रमाने छायांकित करून, त्याला संगीताची साथ देऊन, या नव्या वाहिनीच्या मंडळींना कल्पना दाखवण्यात आली आणि त्यांनी ती उचलली.

आता कामाकडे वळू, कारण या चित्रपटाचे खरे मर्म मला त्याच्या कारागिरीत दिसते. हाताने काढलेल्या ॲनिमेशनची तेव्हाची रूढ रीत अशी : आधी कागदावर पेन्सिलीने हालचाल काढायची, मग ती सेल म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर शाईने उतरवायची, पत्रा उलटा करून मागच्या बाजूने अपारदर्शक रंग सपाट भरायचा, हे पत्रे रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून एकेक चौकट कॅमेऱ्यात टिपायची. ठळक बाह्यरेषा आणि आत सपाट रंग ही आपल्या ओळखीची 'कार्टून' शैली याच रीतीतून आली. ती सौंदर्यदृष्टीतून जेवढी आली, तेवढीच श्रमविभागणीतून आली. सपाट रंग कोणीही प्रशिक्षित हात भरू शकतो आणि शंभर पत्र्यांवर तो एकसारखा दिसतो.

ब्रिग्ज यांच्या पेन्सिलीच्या चित्रांना या रीतीत घालणे म्हणजे त्यांचा जीव घेणे होते. त्या चित्रांत कडा नाहीत. माणूस आणि त्याच्या मागची बर्फाळ जमीन एकमेकांत झिरपतात. जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून सेलवरच खडूंनी, रंगकांड्यांनी काम केले, आणि आकृती पार्श्वभूमीत परकी वाटू नये म्हणून पार्श्वभूमीही त्याच साधनांनी रंगवली. याची किंमत किती हे साध्या अंकगणिताने कळते. सिनेमाच्या रिवाजाप्रमाणे सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर सव्वीस मिनिटांच्या ३७,४४० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची काटकसर केली, तरी अठरा हजारांवर चित्रे उरतात. आणि एका चित्रात दोन पात्रे असली की पत्रे दुप्पट. तीनेक मिनिटांच्या गाण्याचा हिशेब केला, तरी दोन हजारांहून अधिक चित्रे. त्यातल्या प्रत्येकावर कोणीतरी खडूच्या रेघा हाताने ओढायच्या.

आणि इथेच एक सुंदर दोष उद्भवतो. खडूच्या रेघा दोन चित्रांत तंतोतंत सारख्या पडणे अशक्य. त्यामुळे पडद्यावर स्थिर उभे असलेले पात्रही किंचित थरथरत राहते, त्याचा पृष्ठभाग सतत हलत असतो. सपाट रंगाच्या सरावाच्या कारागिराला ही थरथर म्हणजे खोट वाटेल. पण 'द स्नोमॅन'मध्ये ती अर्थ होऊन बसते. सगळेच जग जणू श्वास घेते आहे, आणि त्याच वेळी प्रत्येक क्षणी विरघळायच्या बेतात आहे. पुस्तकातली स्थिर चौकट जे करू शकत नव्हती, ते हातांच्या अपरिहार्य चुकीने केले. संगणकावर अशी थरथर आज मुद्दाम निर्माण करता येते. पण जी टाळता आली नाही आणि जी आणून बसवली, त्यांत नजरेला कुठेतरी फरक जाणवतो, असे माझे मत आहे.

संगीत हॉवर्ड ब्लेक यांचे. चित्रपटात संवाद किंवा निवेदन घालू नये, सर्व भार संगीताने वाहावा, ही सूचना त्यांची. उड्डाणाच्या जागी गाणे हवे हाही त्यांचा आग्रह. गाण्याची मूळ चाल त्यांना सत्तरच्या दशकाच्या आरंभी, मनाच्या एका कठीण काळात, कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्यावर चालताना सुचली होती. योग्य जागा मिळेपर्यंत त्यांनी ती बाळगून ठेवली. म्हणजे हे गाणे या गोष्टीसाठी जन्मलेले नाही; ते दहा वर्षे आपल्या गोष्टीची वाट पाहत होते.

चाल 'मायनर' स्वरावलीतली आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर कोमल गंधाराची तिच्यावर छाया आहे. मुलगा उडतो आहे, खाली साउथ डाउन्सच्या टेकड्या सरकताहेत, ब्रायटनचा रॉयल पॅव्हेलियन आणि तिथला धक्का मागे पडतो आहे, समुद्रातून देवमासा वर येतो आहे. प्रसंग निखळ आनंदाचा. सामान्य संगीतकाराने इथे उल्हासाचे सूर योजले असते. ब्लेक यांनी विरहाचे योजले. भेट चालू असतानाच तिच्यात वियोग ऐकू येतो. आपल्या विरहिणींच्या परंपरेत वाढलेल्या कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एक बाब. हे गाणे पडद्यावर कोणीही म्हणत नाही. मुलाचे ओठ हलत नाहीत. बर्फाच्या माणसाला तर वाणीच नाही. शब्द 'आम्ही'च्या भूमिकेतून येतात, पण ते 'आम्ही' नेमके कोण आणि केव्हाचे, हे ठरत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे ते मोठेपणी मागे वळून पाहणाऱ्याचे आहेत. मात्र ज्याला मागे वळून पाहायचे आहे त्याचा आवाज आता तो राहिलेला नाही, म्हणून ते लहान मुलाच्या आवाजात उसने घेतले आहेत. चित्रपटाचा आरंभ या वाचनाला आधार देतो. मूळ आवृत्तीत स्वतः ब्रिग्ज शेतातून चालत येतात आणि त्या हिवाळ्याची आठवण काढतात. अमेरिकेसाठी केलेल्या आवृत्तीत डेव्हिड बोवी माळ्यावर जातो आणि तिथे त्याला एक मफलर सापडतो.

हा मफलर पुस्तकात नाही. पुस्तकात मुलगा आणि बर्फाचा माणूस ब्रायटनपर्यंत जातात, सूर्योदयाची चाहूल लागताच परततात. चित्रपटाने त्यात मोटारसायकल घातली, उत्तर ध्रुवावरची बर्फाच्या माणसांची मेजवानी घातली, सांताक्लॉज घातला, आणि त्याच्याकडून मुलाला निळा मफलर देवविला. मुलाला नावही चित्रपटाने दिले : जेम्स. भेटवस्तूच्या चिठ्ठीवर लिहायला नाव हवे होते, म्हणून जोआना हॅरिसन या चित्रकर्तीने आपल्या प्रियकराचे नाव लिहून टाकले. सांताक्लॉजची भर ब्रिग्ज यांना आधी भडक वाटली. पुढे मात्र ती जमून गेल्याचे त्यांनी मान्य केले.

मेजवानीविषयी माझेही मत प्रथम प्रतिकूलच होते. गाण्याने जे एकांताचे आकाश उभे केले, ते नाचगाण्याच्या गर्दीत विरते असे वाटे. नंतर एका विद्यार्थिनीने वर्गात सहज म्हटले, ''पण सर, तिथे माणसाचं मूल तो एकटाच आहे ना?'' आणि मला प्रसंग उलटा दिसू लागला. घरात बर्फाचा माणूस पाहुणा होता. इथे त्याचा गोतावळा आहे आणि परका आहे तो जेम्स. मित्राला आपल्यावाचूनही एक जग आहे, हे प्रत्येक मुलाला कधी ना कधी कळते. शाळेतला जिवलग दुसऱ्याच मुलांबरोबर डबा खाताना दिसतो, तेव्हाची ती कळ. मेजवानी त्या जाणिवेचीही आहे. माझ्या आधीच्या मताचा मी त्या दिवसापासून आग्रह धरत नाही.

मफलराचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अधिक खुणावणारा. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताची व्याख्या संदिग्धतेवर उभी केली आहे : जे घडले ते स्वप्न की सत्य, हे ठरवता न येण्याची अवस्था टिकते तोवर अद्भुत टिकते. ब्रिग्ज यांचे पुस्तक ही अवस्था शेवटपर्यंत सांभाळते. मुलगा अंथरुणातून उठतो, अंगणात ढिगारा असतो. रात्र खरी होती की नव्हती, पुस्तक सांगत नाही. चित्रपटात ढिगाऱ्यापुढे उभा असलेला जेम्स खिशात हात घालतो आणि मफलर हाताशी लागतो. म्हणजे ती रात्र खरी होती. वरवर हे सांत्वन आहे. प्रत्यक्षात ते दुःख पक्के करते, कारण स्वप्न मोडल्याचे दुःख आणि खरा मित्र गमावल्याचे दुःख यांची जात वेगळी. पुराव्याने जेम्सची सुटकेची शेवटची वाट बंद होते.

हान्स अँडरसन यांनी १८६१ साली बर्फाच्या माणसाचीच एक कथा लिहिली होती. तिच्यातला बर्फाचा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या शेगडीच्या प्रेमात पडतो, झुरतो; आणि तो वितळल्यावर कळते की त्याला आधार म्हणून आत शेगडी साफ करायची सळई रोवलेली होती. अँडरसनची कथा वितळणाऱ्याची आहे. ब्रिग्ज आणि जॅक्सन यांची कथा मागे उरणाऱ्याची.

दूरदर्शनवर वाढलेल्या आपल्या पिढीला हातरेखाटनाचे आणखी एक गाणे आठवेल : १९७४ चे, फिल्म्स डिव्हिजनचे 'एक अनेक और एकता'. विजया मुळे यांची कल्पना, भीमसेन यांचे ॲनिमेशन, वसंत देसाई यांचे संगीत आणि साधना सरगम यांचा बालवयातला आवाज. तिथे एक बहीण लहान भावाला एकटे आणि अनेक यांतला फरक समजावते. पाखरे एकत्र येऊन जाळे उचलतात. त्या चित्रपटाला 'एक' ही उणीव वाटते, आणि तिच्यावर उपाय आहे असा त्याचा विश्वास आहे. तो विश्वास त्या काळाचा, त्या संस्थेचा होता, आणि मी त्याची टवाळी करणार नाही. ते गाणे मला आजही पाठ आहे. पण एकटेपण हे एकटेपणच राहते अशीही एक गोष्ट असते, आणि ती मुलांना सांगावी की नाही, हा आपल्या बालसाहित्यात फारसा न सोडवलेला प्रश्न आहे. आपण मुलांच्या गोष्टीत मरण आलेच तर लगबगीने त्याचा तारा करून आकाशात पाठवतो.

या मंडळींनी तो प्रश्न पुन्हा पुन्हा हाती घेतला. १९८२ सालीच ब्रिग्ज यांचे 'व्हेन द विंड ब्लोज' प्रसिद्ध झाले. त्यातले अणुयुद्धात सापडणारे भाबडे वृद्ध जोडपे त्यांच्या आईवडिलांवरून बेतलेले. १९८६ साली टीव्हीसीनेच त्यावर चित्रपट केला, जिमी मुराकामी यांच्या दिग्दर्शनाखाली. १९८९ साली जॅक्सन आणि ब्लेक पुन्हा एकत्र आले ते जॉन बर्निंगहॅम यांच्या 'ग्रँपा'साठी : एक लहान मुलगी, तिचे आजोबा, आणि पुस्तकाच्या अखेरीस आजोबांची रिकामी खुर्ची. ३१ डिसेंबर १९९२ रोजी कर्करोगाने जॅक्सन यांचे निधन झाले.

तीस वर्षांनी, २०१२ च्या नाताळात, चॅनेल फोरने 'द स्नोमॅन अँड द स्नोडॉग' हा उत्तरभाग दाखवला. तोही हाताने काढलेला. हिलरी ऑडस आणि जोआना हॅरिसन या मूळ चित्रपटाच्या चित्रकर्ती त्यात होत्या. जॉन कोट्स प्रक्षेपणाआधी काही महिनेच वारले होते. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे. जेम्सच्या जुन्या घरात नवा मुलगा येतो, त्याचा म्हातारा कुत्रा मरतो, तो बर्फाच्या माणसाबरोबर बर्फाचा कुत्राही तयार करतो. सकाळी बर्फाचा माणूस वितळतो. कुत्रा मात्र हाडामांसाचा होऊन मुलाजवळ राहतो. रेखाटनात उणे काही नाही. पण १९८२ ला जे प्रेक्षकाच्या हाती रिकामे ठेवता आले, ते २०१२ ला ठेवता आले नाही, एवढे तिथे दिसते. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस मफलर उरतो आणि दुसऱ्याच्या अखेरीस कुत्रा. मफलर परत आलिंगन देत नाही.

ब्रिग्ज ९ ऑगस्ट २०२२ रोजी गेले. आईवडिलांवरचे त्यांचे १९९८ चे पुस्तक, 'एथेल अँड अर्नेस्ट', त्याआधी २०१६ साली हातरेखाटनाच्याच रीतीने पडद्यावर आले होते. पीटर ऑटीचे नाव 'द स्नोमॅन'च्या श्रेयनामावलीत आले ते विसाव्या वर्षी, २००२ च्या आवृत्तीत. तोवर तो ऑपेरात गाऊ लागला होता, टेनरच्या आवाजात.